लॅपटॉपमधलं जीपीएस नकाशाच्या सॉफ्टवेअरला सापडत नसेल तर

ओपनसीपीएन हे सागरी नकाशांचं सॉफ्टवेअर उघडलं, चार्ट नीट दिसतोय, पण होडीचं चिन्ह करडंच राहिलंय. किंवा क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कनेक्ट'चं बटण दाबलं, थोडा वेळ शोधाशोध झाली आणि उपकरण मिळालं नाही असा निरोप आला. विकणाऱ्याने तर छातीठोक सांगितलं होतं की यात जीपीएस आहे. अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. त्याने जवळजवळ कधीच काही साधत नाही. बहुतेक वेळा रिसीव्हर चालू असतो, विंडोजला दिसतही असतो. फक्त तो माहिती एका दारातून देतोय आणि तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच दारावर वाट बघत उभं आहे. ही दोन दारं कोणती ते पुढे येईलच. पण तिथे पोचण्याआधी खालच्या दोन-तीन गोष्टी तपासाव्या लागतात, आणि त्या याच क्रमाने तपासाव्यात. वरून सुरुवात केली तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

जीपीएस आहे तरी का?

हा प्रश्न अपमानास्पद वाटला तरी विचारायलाच हवा, कारण बहुसंख्य लॅपटॉपमध्ये जीपीएस नसतंच. नकाशाच्या वेबसाइटवर तुमची गल्ली बरोबर दिसते ती आसपासच्या वाय-फाय राउटरांवरून. एक साधी परीक्षा आहे: वाय-फाय बंद करा, मोबाइलचा हॉटस्पॉट तोडा, लॅपटॉप घेऊन मोकळ्या जागी दहा-पंधरा मिनिटं बसा. ठिकाण येणं बंद झालं किंवा अचूकतेचं वर्तुळ आख्ख्या शहराएवढं झालं, तर आधी दिसत होतं ते जीपीएसचं नव्हतं.

ज्या लॅपटॉपमध्ये जीपीएस असतं त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक, पॅनासोनिकचे टफबुक किंवा गेटॅकसारखे दणकट लॅपटॉप. यांत बऱ्याचदा जीपीएसची वेगळी चिप असते आणि अनेकदा ती यू-ब्लॉक्स कंपनीची असते. दुसरा प्रकार म्हणजे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक वगैरे ऑफिसचे लॅपटॉप. यांत जीपीएस वेगळं नसतं. ते मोबाइल डेटाच्या कार्डाच्या पोटात असतं. सिएरा वायरलेस, क्वेक्टेल, फिबोकॉम, जुन्यांत एरिक्सन आणि क्वालकॉमचं गोबी ही त्या कार्डांची नावं. कार्ड नाही तर जीपीएस नाही. आणि इथेच लोक फसतात: लॅमिंग्टन रोडवर किंवा नेहरू प्लेसला जे वापरलेले ऑफिस लॅपटॉप मिळतात, त्यांना सिमचा खाचा असतो, पण आत कार्ड असेलच असं नाही. कंपनी एकच सांगाडा बनवते आणि कार्ड ज्याने पैसे भरले त्याच्याच लॅपटॉपमध्ये बसवते. त्यामुळे सिमचा खाचा हा पुरावा नव्हे, आणि इंटरनेटवरच्या माहितीपत्रकात जीपीएस लिहिलेलं असणं हाही नव्हे. लॅपटॉपच्या बुडाशी असलेला सर्व्हिस टॅग किंवा अनुक्रमांक कंपनीच्या साइटवर टाका. तो विशिष्ट लॅपटॉप कारखान्यातून काय काय घेऊन निघाला ते कळतं.

खालचं झाकण उघडायची तयारी असेल तर बॅटरी सोडवून आत बघा. नव्या लॅपटॉपमध्ये हे कार्ड ३० मिलिमीटर रुंद आणि ४२ मिलिमीटर लांब असतं, एम-डॉट-टू खाच्यात बसतं, आणि त्याला पडद्याच्या दिशेने येणाऱ्या दोन किंवा अधिक बारीक वायरी जोडलेल्या असतात. त्या वायरी म्हणजे अँटेना. आता नीट बघण्याची जागा आलीये. अनेक कार्डांवर दोनच टोकं असतात: एक मुख्य, एक सहायक; आणि जीपीएसचा सिग्नल सहायक टोकातून येतो. कोणी दुरुस्तीच्या वेळी एकच वायर जोडली असेल, किंवा सहायक टोकाची वायर सुटून बाजूला पडली असेल, तर मोबाइल डेटा बऱ्यापैकी चालतो, कोणालाही शंका येत नाही, आणि जीपीएस मात्र पूर्ण बहिरं असतं. टोकावर छापलेलं नाव वाचा आणि वायर दाबून टक् आवाज येईपर्यंत बसवा. ही टोकं साबुदाण्याएवढी असतात आणि वरचेवर काढघाल सोसण्यासाठी बनवलेली नसतात, म्हणून उगाच ओढून बघू नका.

कार्डच नसेल तर नंतर घालता येतं का? येतं, पण अँटेनाच्या वायरी आत असतील तर. त्या नसतील तर पडदा उघडून बसवाव्या लागतात, आणि तो उद्योग मी कोणाला सुचवणार नाही. शिवाय जुन्या थिंकपॅडमध्ये बायॉस (लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) ठरावीक कार्डंच स्वीकारतो. दुसरं घातलं की १८०२ क्रमांकाची चूक दाखवून लॅपटॉप पुढे जायलाच नकार देतो.

कार्ड आहे, पण चालू आहे का?

बायॉसमध्ये जा. डेलच्या लॅटिट्यूडमध्ये 'वायरलेस' विभागात मोबाइल डेटा आणि जीपीएस यांचं मिळून एकच खूण-घर असतं. थिंकपॅडमध्ये 'सिक्युरिटी'खाली 'आय-ओ पोर्ट अ‍ॅक्सेस'मध्ये 'वायरलेस वॅन' असतं. एचपीच्या ऑफिस लॅपटॉपमध्ये अंगभूत उपकरणांच्या यादीत मोबाइल नेटवर्क आणि जीपीएस एकत्र दिसतात. ऑफिसात वापरलेल्या लॅपटॉपमध्ये संगणक विभागाने हे बंद करून वर पासवर्ड घातलेला असण्याची शक्यता बरीच.

मग विमान मोड. एम-डॉट-टू खाच्यात कार्डाचा रेडिओ बंद करण्यासाठी दोन वेगळ्या पिना ठेवलेल्या आहेत, एक मोबाइलसाठी, एक जीपीएससाठी. म्हणजे तत्त्वतः मोबाइल बंद ठेवून जीपीएस चालू ठेवता येतं. प्रत्यक्षात लॅपटॉप बनवणारे दोन्ही एकाच बटणाला बांधून मोकळे होतात. तेव्हा तपासणी चालू असेपर्यंत विमान मोड बंद, विंडोजमधलं 'सेल्युलर' चालू. सिम घालायची किंवा डेटा पॅक मारायची गरज नाही. उपग्रहांचा सिग्नल ऐकायला सिम लागत नाही. डेटा असला तर पहिलं ठिकाण लवकर मिळतं, एवढंच.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये काय दिसतं

स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. तीन जागी बघायचं: 'सेन्सर्स', 'पोर्ट्स' आणि 'अदर डिव्हाइसेस'.

शेवटच्या ठिकाणी पिवळं उद्गारचिन्ह असेल तर ड्रायव्हर नाही. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलच्या पानावरून घ्या. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा सर्वसाधारण ड्रायव्हर टाळा, कारण एकच कार्ड डेलसाठी वेगळ्या आणि लेनोव्होसाठी वेगळ्या फर्मवेअरने, म्हणजे कार्डाच्या आत भरलेल्या सॉफ्टवेअरने, येतं. ड्रायव्हर सापडेना तर उपकरणाच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये 'हार्डवेअर आयडी' बघा. त्यातले उत्पादक आणि उत्पादनाचे चार-चार अक्षरांचे आकडे शोधयंत्रात टाकले की कार्डाचं खरं नाव कळतं.

'सेन्सर्स'मध्ये जीएनएसएस (जीपीएससारख्या सगळ्या उपग्रह प्रणालींचं एकत्रित नाव) किंवा लोकेशन सेन्सर दिसला, तर अभिनंदन, रिसीव्हर जिवंत आहे. 'पोर्ट्स'मध्ये एनएमईए (जीपीएसची माहिती ज्या ओळींत येते त्यांचा नियम, त्याबद्दल पुढे) किंवा जीपीएस असं काही लिहिलेला कॉम पोर्ट, म्हणजे माहिती ओळीने बाहेर सोडणारा सिरियल पोर्ट, दिसला तर आणखी चांगलं. दोन्ही नसेल आणि मोबाइल कार्ड मात्र 'नेटवर्क अ‍ॅडाप्टर्स'मध्ये असेल, तर कार्डाचं जीपीएस फर्मवेअरमध्ये बंद आहे किंवा ड्रायव्हर अर्धवट बसलाय. आधी ड्रायव्हर पूर्ण काढून कंपनीचा पुन्हा टाका, मग फर्मवेअर अद्ययावत करा. फर्मवेअर टाकताना चार्जर लावलेलाच हवा. मध्येच वीज गेली तर कार्ड कायमचं जाऊ शकतं.

परवानग्या

यावर फार वेळ घालवू नका, पण एकदा बघून घ्या. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'लोकेशन'. वरचं मुख्य बटण चालू, अ‍ॅपना परवानगी चालू, आणि सगळ्यात खाली डेस्कटॉप अ‍ॅपसाठी असलेलं वेगळं बटणही चालू. क्यूजीआयएससारखी सॉफ्टवेअर डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये मोडतात, त्यामुळे वरच्या यादीत त्यांचं नाव शोधून सापडणार नाही. बटणं फिकट आहेत आणि काही सेटिंग तुमची संस्था सांभाळते अशी ओळ दिसतेय, तर जुन्या मालकाचं ग्रुप पॉलिसीचं कुलूप राहिलंय. विंडोज नव्याने टाकणं हाच निर्धोक उपाय. शिवाय 'सर्व्हिसेस'मध्ये 'जिओलोकेशन सर्व्हिस' बंद करून ठेवलेली नाही ना, तेही बघा. लॅपटॉप वेगवान करून देतो म्हणणारी फुकटातली सॉफ्टवेअर ही सेवा हमखास बंद करतात.

खरी गोम: सेन्सर की कॉम पोर्ट

इथे थोडा इतिहास लागतो. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने १९८३ मध्ये जहाजावरच्या उपकरणांनी एकमेकांशी कसं बोलावं याचा नियम ठरवला: एनएमईए ०१८३. सिरियल वायर, सेकंदाला ४८०० बिट, आणि साध्या अक्षरांतल्या ओळी. नंतर आलेल्या जीपीएस रिसीव्हरांनी तोच नियम उचलला, आणि नकाशाच्या सॉफ्टवेअरांनी गृहीत धरलं की जीपीएस म्हणजे एक कॉम पोर्ट, ज्यातून या ओळी सतत पडत राहतात.

मग २००९ मध्ये विंडोज ७ आलं आणि मायक्रोसॉफ्टने सेन्सरसाठी वेगळी व्यवस्था आणली. अ‍ॅपने पोर्ट उघडायचा नाही. विंडोजला विचारायचं, मी कुठे आहे, आणि विंडोज सांगेल. विंडोज ८ मध्ये मोबाइल कार्डांसाठी एकच सामायिक ड्रायव्हर आला आणि एकेका कार्डाचा एनएमईए पोर्ट दिसेनासा झाला. विंडोज ७ वर ज्या लॅपटॉपमध्ये कॉम पोर्ट दिसायचा, त्याच लॅपटॉपवर नवं विंडोज टाकलं की फक्त सेन्सर उरतो. 'आधी चालत होतं, आता नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेकदा हेच.

विंडोजवर ओपनसीपीएनला माहिती सिरियल पोर्टातून किंवा नेटवर्कवरून हवी असते. क्यूजीआयएसला दोन्ही चालतं: जीपीएसच्या सेटिंगमध्ये जोडणीचे पर्याय असतात, त्यातला 'इंटर्नल' हा विंडोजच्या सेन्सर व्यवस्थेला विचारतो आणि 'सिरियल' हा कॉम पोर्टाला. म्हणून क्यूजीआयएस वापरणाऱ्यांनी सगळ्यात आधी 'इंटर्नल' निवडून बघावं. कित्येकांचा प्रश्न तिथेच सुटेल. पण सावध राहा, विंडोज या दारातून वाय-फायवरून काढलेलं ठिकाणही देतं. उंची आणि वेग रिकामे असतील, तर ते जीपीएस नाही असं समजा.

सॉफ्टवेअरला कॉम पोर्टच हवा असेल आणि तुमच्याकडे फक्त सेन्सर असेल, तर रस्ता कार्डावर अवलंबून आहे.

लॅपटॉपमध्ये यूएसबीने जोडलेली यू-ब्लॉक्सची चिप असेल, तर रस्ता सोपा. विंडोज अपडेटने तिला यू-ब्लॉक्सचा लोकेशन सेन्सर हा ड्रायव्हर परस्पर बसवलेला असतो आणि त्यामुळे पोर्ट गायब होतो. सेन्सरवर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', मग संगणकावरच शोधण्याचा पर्याय, मग उपलब्ध ड्रायव्हरांच्या यादीतून मी निवडतो हा पर्याय. यादीत 'यूएसबी सिरियल डिव्हाइस' दिसेल, तो निवडा. क्षणात उपकरण 'सेन्सर्स'मधून 'पोर्ट्स'मध्ये जाऊन बसतं. पुढच्या एखाद्या विंडोज अपडेटने ते परत सेन्सर होऊ शकतं. अचानक बंद पडलं तर पहिल्यांदा इथेच या.

मोबाइल कार्डाला ही युक्ती लागू नाही. तिथे सेन्सरची माहिती घेऊन तिच्या एनएमईए ओळी बनवणारा आणि त्या बनावट कॉम पोर्टातून सोडणारा दुभाषा लागतो. जीपीएसडायरेक्ट हा त्या जातीचा ड्रायव्हर आहे. तो टाकला की 'पोर्ट्स'मध्ये नवा कॉम पोर्ट दिसतो. नकाशाच्या सॉफ्टवेअरला तो द्यायचा. असे ड्रायव्हर बनवणाऱ्याच्याच पानावरून घ्या, डाउनलोडच्या गोळाबेरीज साइटवरून नाही. कॉमझिरोकॉम नावाचं सॉफ्टवेअरही या चर्चेत नेहमी सुचवलं जातं, पण त्याचं काम वेगळं: ते एकमेकांना जोडलेल्या बनावट पोर्टांची जोडी बनवतं, एकात टाकलेलं दुसऱ्यातून निघतं. एका टोकाला माहिती ओतणारं कोणी नसेल तर ते एकटं काहीच करत नाही.

काही कार्डांत कंपनीचा पूर्ण ड्रायव्हर टाकला तर एनएमईए पोर्ट येतो, पण उघडला तरी शांत असतो. कारण जीपीएस सुरू कर असं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पुट्टी किंवा टेराटर्मने (पोर्टावर मजकूर पाठवणारी आणि वाचणारी छोटी सॉफ्टवेअर) कार्डाचा मोडेम पोर्ट उघडून आज्ञा द्यावी लागते. खाली दिल्या आहेत त्या रोमन मोठ्या अक्षरांत आणि रोमन अंकांत, मध्ये जागा न सोडता टाइप करायच्या. क्वेक्टेलसाठी एटी+क्यूजीपीएस=१. जुन्या एरिक्सन कार्डांना आधी एटी*ई२जीपीएससीटीएल=१,५,१ आणि मग एटी*ई२जीपीएसएनपीडी; दुसरी आज्ञा दिली की तोच पोर्ट ओळी ओकायला लागतो. गोबी आणि सिएराच्या बऱ्याच कार्डांत एनएमईए पोर्टावरच डॉलरचं चिन्ह, जीपीएस, अधोरेघ, स्टार्ट एवढं लिहून पाठवायचं असतं. आज्ञा चुकली तर 'एरर' येतो, त्याने बिघडत काही नाही. पण कुठेतरी वाचलेल्या, कार्डाची रचना बदलणाऱ्या लांबलचक आज्ञा मात्र देऊ नका.

ओळी डोळ्यांनी वाचा

पोर्ट मिळाला की लगेच नकाशाच्या सॉफ्टवेअरकडे धावू नका. पुट्टीमध्ये 'सिरियल' निवडा, पोर्टाचा क्रमांक द्या, वेग ४८०० किंवा ९६०० ठेवा. यूएसबीवरच्या पोर्टाला वेगाने सहसा फरक पडत नाही. खऱ्या सिरियल चिपला पडतो, आणि वेग चुकला तर पडद्यावर कचरा दिसतो. सगळं बरोबर असेल तर दर सेकंदाला, रोमन अक्षरांत, अशा ओळी पडतील:

$जीपीआरएमसी,०९२७५१.००,व्ही,,,,,,,

पहिला आकडा वेळ: जागतिक वेळेनुसार ९ वाजून २७ मिनिटं ५१ सेकंद. त्यात साडेपाच तास मिळवा, आपल्याकडे दुपारचे २ वाजून ५७ मिनिटं. पुढचं 'व्ही' म्हणजे ठिकाण अजून वैध नाही. तिथे 'ए' आलं की ठिकाण मिळालं. म्हणजे 'व्ही' दिसत असेल तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. रिसीव्हर बोलतोय, त्याला आकाश दिसत नाहीये.

ठिकाण मिळाल्यावर पुण्यात साधारण १८३१.२ आणि ०७३५१.४ असे आकडे येतील. हे दशांश अंश नाहीत: पहिल्या आकड्यातले सुरुवातीचे दोन अंक अंश, दुसऱ्यातले सुरुवातीचे तीन, आणि उरलेलं मिनिटं. १८ अंश ३१.२ मिनिटं उत्तर. हा आकडा तसाच कोणत्या रकान्यात डकवला तर तुम्ही भलतीकडेच पोचाल.

जीजीए नावाच्या ओळीत ठिकाणाचा दर्जा असतो: ० म्हणजे नाही, १ म्हणजे साधं जीपीएस, २ म्हणजे दुरुस्तीसह, आपल्याकडे ती दुरुस्ती गगन उपग्रहांकडून मिळू शकते. जीएसव्ही ओळींत एकेका उपग्रहाची ताकद असते. ३५ च्या पुढे असेल तर उत्तम, २५ च्या आत असेल तर भरवसा नाही. चारही उपग्रह धड दिसत नसतील आणि तुम्ही मोकळ्या मैदानात असाल, तर पुन्हा अँटेनाच्या वायरीकडे जा.

आता ओळींच्या सुरुवातीची अक्षरं बघा. फक्त अमेरिकी जीपीएस वापरणारा रिसीव्हर 'जीपी'ने सुरुवात करतो. ग्लोनास, गॅलिलिओ वगैरे इतर उपग्रह प्रणाली मिसळून वापरणारा 'जीएन'ने. जुनी सॉफ्टवेअर 'जीपी' सोडून बाकी काही ओळखत नाहीत आणि ओळी येत असूनही जीपीएस सापडलं नाही म्हणतात. रिसीव्हर यू-ब्लॉक्सचा असेल तर यू-सेंटर या त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून 'जीपी' ठेवायला सांगता येतं. बाकीच्यांनी सॉफ्टवेअर नवं घ्यावं. नाविक या भारतीय उपग्रह प्रणालीबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो: जुन्या लॅपटॉप कार्डांकडून आपल्या उपग्रहांची अपेक्षा ठेवू नका. नाविकचे सिग्नल मुळात एल-५ आणि एस पट्ट्यांत होते. मोबाइल कार्डांना सोयीच्या एल-१ पट्ट्यात ते मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून आले.

तारीख तपासायला विसरू नका. जीपीएसचा आठवड्यांचा मोजमापक १०२४ आठवडे मोजून पुन्हा शून्यावर येतो. तो ६ एप्रिल २०१९ च्या रात्री शून्यावर आला. ज्या जुन्या कार्डांचं फर्मवेअर त्यानंतर अद्ययावत झालं नाही, ती ठिकाण अगदी बरोबर देतात पण तारीख साडेएकोणीस वर्षांहून जास्त मागची. तारीख तपासणारं सॉफ्टवेअर अशी ओळ सरळ टाकून देतं.

पोर्टाच्या भानगडी

ओळी पुट्टीत दिसतात आणि नकाशात नाही, तर आधी पुट्टी बंद करा. कॉम पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो, आणि तपासणीच्या नादात तो पुट्टीनेच धरून ठेवलेला असतो.

पोर्टाचा क्रमांक २३ किंवा ४१ असा मोठा असेल तर जुनं सॉफ्टवेअर तिथवर शोधतच नाही. काहींची यादी ९ किंवा १६ ला संपते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पोर्ट सेटिंग्ज', तिथे 'अ‍ॅडव्हान्स्ड', आणि क्रमांक ४ ते ९ मधला निवडा. क्रमांक वापरात आहे असं विंडोज म्हणेल. तो कुठल्याशा जुन्या, आता नसलेल्या उपकरणाच्या नावावर असतो. लपलेली उपकरणं दाखवण्याचा पर्याय चालू करून खात्री करा आणि पुढे जा.

एक गंमतशीर प्रकारही भेटतो. लॅपटॉप सुरू होताना रिसीव्हर ओळी पाठवत असेल तर विंडोजला वाटतं, हा जुन्या काळचा सिरियल माउस आहे. मग कर्सर आपोआप पडद्यावर नाचतो, खिडक्या उघडतात, बंद होतात, आणि घरातले म्हणतात व्हायरस शिरला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट' दिसेल. त्याला 'डिसेबल' करा, 'अनइन्स्टॉल' नाही. काढून टाकलं तर पुढच्या वेळी पुन्हा येतं.

आकाश

उपग्रह २०,२०० किलोमीटर वर आहेत आणि सिग्नल जमिनीवर येईपर्यंत अतिशय क्षीण होतो. लॅपटॉपमधला अँटेना मोबाइलसाठी बनवलेला, पडद्याच्या कडेला घुसडलेला; हातातल्या जीपीएस यंत्राशी त्याची बरोबरी नाही. पहिल्या तपासणीसाठी गच्चीवर जा, पडदा पूर्ण उघडा ठेवा आणि लॅपटॉप हलवू नका. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिटच्या वेगाने, दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. मध्ये एक तुकडा हुकला की पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. सगळ्या उपग्रहांची यादी पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. महिनोन्महिने बंद असलेल्या कार्डाला म्हणून पंधरा-वीस मिनिटं द्या. चालत्या गाडीत पहिलं ठिकाण मिळवायचा हट्ट धरू नका, आणि वातानुकूलित डब्याच्या किंवा नव्या इमारतींच्या धातूचा लेप असलेल्या काचेआडून तर नाहीच.

लिनक्सवर

लिनक्सवर कार्डाचा ताबा मोडेममॅनेजर या सेवेकडे असतो आणि जीपीएस मुळात बंद असतं. 'एमएमसीएलआय' या त्याच्या आज्ञेने आधी लोकेशनची स्थिती बघा, मग एनएमईए चालू करा. कार्ड ते स्वीकारेल पण जीपीएसडीला (जीपीएसच्या ओळी घेऊन सॉफ्टवेअरांना देणारी सेवा) ओळी मिळत नसतील, तर 'अनमॅनेज्ड' हा पर्याय वापरा: मोडेममॅनेजर जीपीएस सुरू करतो आणि पोर्ट तुमच्यासाठी मोकळा सोडतो. तो पोर्ट जीपीएसडीला द्या, 'सीजीपीएस'ने ओळी येतात का बघा, आणि ओपनसीपीएन किंवा क्यूजीआयएसला २९४७ या पोर्टावर जीपीएसडीशी जोडा. परवानगी नाकारली असं आलं तर तुमचं खातं 'डायलआउट' गटात नाही. विंडोजपेक्षा इथे एक सोय मोठी आहे: जीपीएसडी एकाच वेळी अनेक सॉफ्टवेअरांना माहिती वाटतो.

एवढं करूनही नाहीच तर

वेळेची किंमत धरली तर यूएसबीला लावायचा यू-ब्लॉक्स चिपचा छोटा रिसीव्हर घेणं कधीकधी शहाणपणाचं ठरतं. त्याच्यासाठीही वर सांगितलेली सेन्सरचा पोर्ट करण्याची युक्ती लागू शकते. लांब वायरीचा घेतलात तर तो गाडीच्या टपावर किंवा होडीच्या छतावर चिकटवता येतो, आणि तिथे तो कोणत्याही अंगभूत जीपीएसला मागे टाकतो. खर्च करायचा नसेल तर फोन आहेच: फोनचं ठिकाण एनएमईए ओळींच्या रूपात वाय-फायवर पाठवणारी अ‍ॅप मिळतात. फोनचा हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप त्याला जोडा, ओपनसीपीएनच्या जोडण्यांमध्ये नेटवर्क, टीसीपी, फोनचा पत्ता आणि अ‍ॅपने दाखवलेला पोर्ट भरा. एनएमईएसाठी ठरलेला क्रमांक १०११० आहे. यासाठी इंटरनेट लागत नाही, त्यामुळे किनाऱ्यापासून दूर, रेंज नसतानाही हे चालतं.

आणि जीपीएस सापडलं, ठिपका आला, पण तुम्ही रस्त्यावर उभे असून तो शेजारच्या शेतात दिसतोय, तर रिसीव्हरला हात लावू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचा एक मानलेला नमुना) आधारलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या नमुन्यावर. महाराष्ट्रात या दोहोंत शंभरेक मीटरचा फरक पडतो. स्कॅन केलेल्या नकाशाला क्यूजीआयएसमध्ये बरोबर संदर्भप्रणाली द्या. ठिपका रस्त्यावर येईल.